सतरा सत्ते मांडून दाखवा

आमच्या गावच्या शाळेत सात वर्षं एक गुरुजी होते. ते हुशार आहेत की अर्धवट, यावर गावात दोन तट होते. माझ्या मते ते दोन्ही होते, आणि एका माणसानं दोन्ही असायला काही हरकत नसते.

धुळ्याहून एसटीनं यायचे. हायवेला फाट्यावर उतरायचे आणि डोक्यावर ओला रुमाल टाकून गावापर्यंत पायी यायचे. कुणी मोटरसायकल थांबवली तरी बसत नसत. शर्टाचा खिसा चिंचोक्यांनी इतका फुगलेला असायचा, की लांबून वाटावं या माणसाला छातीवर गाठ आहे. चालले की खिसा वाजायचा. त्या आवाजावरून पोरं सावध व्हायची.

माझा मुलगा आणि सून सुरतला कापडाच्या कारखान्यात आहेत. नात पायल माझ्याजवळ असते. तिचं नाव पहिलीत घालायला मी शाळेत गेले, तेव्हा हा माणूस वर्गाच्या दारात उकिडवा बसून पोरांच्या चपला सरळ करत होता.

मी म्हटलं, "गुरुजी, चपला तुम्ही कशाला लावता?"

"लावत नाही अक्का, मांडतोय. बघा. चार ओळी, एकेकीत सहा जोड. आता तुम्ही या बाजूला या."

मी गेले. तेव्हा मला वाटलं, दाखल्याचं काम पटकन होईल.

"आता किती ओळी दिसतात?"

"सहा."

"एकेकीत?"

"चार."

"मग चपला वाढल्या का?"

"मी काय येडी आहे का गुरुजी?"

"म्हणजे नाही वाढल्या," ते म्हणाले, आणि जणू मी मोठी परीक्षा पास झाले, असे ते खूश झाले. "वस्तू फिरवायच्या नाहीत अक्का. आपण फिरायचं."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, शाळेत आलेला नवीन मास्तर अर्धवट आहे. नवरा म्हणाला, "पोरांना मारतो का?" मी म्हटलं, नाही. "मग चालेल," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात नेहमी तेवढंच असायचं.

गुरुजी सगळं मांडायचे. दुपारी डबा उघडला की भाकरीचे बारा तुकडे करायचे आणि झाकणात तीन ओळींत चार-चार ठेवायचे. मगच जेवायचे. खिचडी शिजवणारी बाई एकदा थट्टेनं त्यातला एक तुकडा उचलून पळाली. गुरुजी वैतागले. "आता अकरा राहिले! अकराचं मी काय करू?" म्हणाले, आणि घाईनं आणखी एक तुकडा तोंडात कोंबून दोन ओळी पाच-पाचच्या केल्या. मग शांत झाले. अकरा, तेरा, सतरा असल्या आकड्यांना ते आडमुठे म्हणायचे. एकाच ओळीत उभे राहतात, दुसऱ्या कशात बसत नाहीत. वर्गात तेरा पोरं आली की त्यांचा दिवस खराब जायचा. मला एकदा तोंडावर म्हणाले, "अक्का, तुम्ही तेराच्या जातीच्या." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मी बारा. कुठंही बसतो." ते खरं नव्हतं. ते कुठंच बसत नव्हते.

माझा नवरा गेला, त्याच्या दहाव्याला अंगणात गावातली माणसं बसली होती. गुरुजी दाराशी उभे होते. तोंड मिटलेलं, डोळे इकडून तिकडे फिरताहेत. मी ओळखलं, हा माणूस माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला माणसं मांडतोय. निघताना माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अक्का, नऊ ओळी सात-सातच्या, आणि दोन माणसं उभी." दुसरं काही बोलले नाहीत. बाकी प्रत्येकानं मला देवाची मर्जी सांगितली होती. ती मला नको होती. यांनी किती माणसं आली ते सांगितलं. एकूण किती झाली ते मला तेव्हा काढता आलं नाही. आता येतं. पासष्ट.

आता पाढ्यांचं सांगते, कारण भांडण त्यावरच झालं.

मी चौथी शिकले. पुढं आईनं शाळेतून काढलं. पण तीसपर्यंतचे पाढे मला येत होते, आणि त्याबद्दल आमच्या बाईंनी मला वर्गापुढं उभं करून एक पाटी दिली होती. माझ्याजवळ शिक्षण म्हणून जे काही आहे ते तेवढंच. भाकरी थापताना, निंदणीला वाकलेली असताना पाढे आपोआप तोंडात यायचे. आमच्या गावच्या शाळेचंही तसंच होतं. पूर्वीच्या मास्तरांच्या वेळी संध्याकाळी शाळा सुटायच्या आधी चाळीस पोरं गळा काढून पाढे म्हणायची, आणि बाया पाणी भरता भरता ऐकायच्या. शाळा चालू आहे याची गावाला ती खूण होती.

या गुरुजींच्या वर्गातून आवाज येत नसे. चिंचोके पडल्याचा आवाज तेवढा यायचा. त्यांचं एकच बोलणं, "मांडून दाखव." कुणी म्हणालं, सर, सहा चोक चोवीस, तर म्हणायचे, "असेल. मांडून दाखव." जड वाटलं तर म्हणायचे, "तोड." म्हणजे ओळींच्या मधून खडूची रेघ मारायची आणि दोन सोपे तुकडे करायचे. शाळेचा ओटा फूट-फूटभर फरश्यांचा आहे, सात फरश्या रुंद. त्यावर नेहमी यांच्या रेघा.

मग सव्वीस जानेवारी आली. झेंडा झाला, खाऊ वाटायचा होता. तालुक्याहून आलेले एक पाहुणे खुर्चीवरून म्हणाले, "चला, सतराचा पाढा कोण म्हणतो?"

कुणीच उठलं नाही. गाव सगळं उभं. पाहुण्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिसरीच्या रांगेतून माझीच नात उठली.

"सतराचा अजून म्हणता येत नाही," पायल म्हणाली. "मांडून दाखवू का?"

पाहुणे पोट हलवून हसले. त्यांच्याबरोबर आलेले हसले. शेजारच्या गावची दोन माणसं होती, ती तर जास्तच हसली. सरपंचबाईंचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, माझ्याकडं वळून बोलले, "अक्का, तुनी नात मुकी शे का वं? बठ्ठा गावनी इज्जत गई." सरपंचबाई सह्या करतात आणि आबा बोलतात, अशी आमच्याकडं वाटणी आहे. माझं डोकं फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. म्हटलं, "गुरुजी, तीन वर्षं माझ्या नातीनं चिंचोके हलवले. मी चौथीत तीसपर्यंत म्हणत होते. तुम्ही तिला काय शिकवलं?"

ते म्हणाले, "सतरा सत्ते किती अक्का?"

मी सुरू केलं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...

"थांबा," ते म्हणाले. "मी सतरा सत्ते विचारलं. तुम्ही सतरा एकेला कशाला गेलात?"

"पाढा तिथूनच सुरू होतो."

"अक्का, तुम्हाला जळगाव स्टेशनवर गाडीत बसायचंय. त्यासाठी कुणी आधी मागं भुसावळला जातं का, गाडी तिथून सुटते म्हणून? तुमची गाडी दर वेळी भुसावळहूनच सुटते. मधे कुठं कुणी हटकलं, की परत भुसावळ."

मला एवढा राग आला, की मी खडूची पेटी उचलून टेबलावर आपटली. घरी आले. पाटी मिळवलेली बाई मी. दिवसभर ज्वारी निवडत होते आणि मनात म्हणून बघत होते. चौदा सत्ते? चौदा एके चौदापासून. एकोणीस आठे? एकोणीस एकेपासून. मधूनच शेजारीण साखर मागायला आली, तिला साखर दिली, आणि परत भुसावळ. माणूस खरं बोलला होता, आणि त्यामुळं राग आणखी वाढला.

शाळेची एक समिती असते. तिचा अध्यक्ष पालकांतून निवडतात. पायलचे आईबाप सुरतला, म्हणून पालक मी. अध्यक्ष व्हायला कुणी तयार नव्हतं, आणि मी नाही म्हणायला उशीर केला. त्यामुळं आबांनी गुरुजींविरुद्ध अर्ज तयार केला तेव्हा पहिली सही माझी हवी होती. अर्जात लिहिलं होतं, सदर शिक्षक पाढे शिकवत नाहीत, मुलांकडून चपला, खडे व चिंचोके मांडून घेतात, सबब त्यांची बदली करावी.

बदली झाली असती तर सातपुड्याच्या पायथ्याला कुठं तरी झाली असती. धुळ्याहून रोज जाणंयेणं अशक्य. घरी गुरुजींची आई होती, डोळ्यांनी दिसत नसलेली, आणि दुसरं कुणी नव्हतं. हे मला गुरुजींनी सांगितलं नाही, एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. गुरुजींनी कुणाला विनवलं नाही. मला वाईट वाटलं, पण तरी मी सही करणारच होते. मास्तर पोरांसाठी असतो, मास्तरच्या आईसाठी नाही.

तालुक्याहून साहेब आले. शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. साहेब खुर्चीवर, आम्ही खाली. आबा ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसले. गुरुजी पायरीवर, खिशावर हात ठेवून, जणू चिंचोक्यांना हे सगळं ऐकू जाईल. साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडं दिला. आबांनी स्वतःचं पेन काढून माझ्या हातात ठेवलं.

"कर ना वं सही. आते काय विचार करी ऱ्हायनी?"

मी विचार गुरुजींचा करत नव्हते. मला एकच बघायचं होतं, गावात मी एकटीच भुसावळहून निघते का. म्हणून मी विचारलं, "आबा, पोरांना कोणता पाढा आला नाही?"

"सतराना."

"सतरा सत्ते किती?"

आबांचे ओठ हलायला लागले. मी बाजूला बघितलं. रेशन दुकानवाले भाऊ, त्यांचेही ओठ हलत होते. पलीकडचे दोघं, त्यांचेही. सगळा ओटा रवंथ करत होता. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. आणि खोटं कशाला सांगू, माझेही ओठ हलत होते. मी सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत गेले, तेवढ्यात कुणी तरी खोकलं, आणि मी परत सतरा एकेवर.

"एकशे सतरा," आबा म्हणाले.

"नही हो आबा, एकशे एकोणीस," रेशनवाले म्हणाले.

"तुले जास्ती समजस का?"

"मी म्हनीसन उनू ना आते!"

"मीबी म्हनीसनच उनू!"

दोघंही पाढा म्हणून आले होते. दोघांची उत्तरं वेगळी होती. कोणाचं खरं, हे दाखवायला दोघांजवळही काही नव्हतं. चुकला तो कुठं चुकला, हे त्याला स्वतःला सांगता येत नव्हतं. परत पहिल्यापासून म्हणणं एवढाच उपाय.

साहेबांनी मोबाइल तसाच हातात ठेवला. म्हणाले, "त्या मुलीला बोलवा."

पायल आली. मी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून तिनं उत्तर द्यावं असं मला नको होतं.

साहेबांनी विचारलं. ती थोडा वेळ फरश्यांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "एकशे नऊ."

हशा पिकला. आबा मांडी थोपटत म्हणाले, "ल्या! आते तिसरं!" मला वाटलं, झालं. पेनाचं टोपण मी काढलं.

"थांबा," पायल म्हणाली. ती हसण्याला घाबरली नाही, रडली नाही, गुरुजींकडंही बघितलं नाही. तिनं फळ्याखालून खडू आणला आणि ओट्याच्या भिंतीकडून फरश्या मोजत आली. दहा मोजल्या आणि थांबली.

"आबा, उठा ना. मला इथं रेघ मारायची आहे."

"मना गुडघा दुखस."

"पण तुम्ही रेघेवर बसलात."

"आते फरशीबी तुनी का?"

साहेब म्हणाले, "उठा हो आबा." आबा उठले. उठताना गावातल्या सगळ्या मास्तरांना एक शिवी दिली. पायलनं रेघ मारली, मग पुढं सात फरश्या मोजून दुसरी.

"ओटा सात फरश्या रुंद. ही सतरा लांब. इकडं दहा, म्हणजे सत्तर. हे बरोबर." मग ती दोन रेघांच्या मधे आली. "इथं सात ओळी सात-सातच्या. मी एकोणचाळीस धरले." तिनं त्या सातांतही एक रेघ मारली, पाच इकडं आणि दोन तिकडं. "सात पंचे पस्तीस. सात दुणे चौदा. एकोणपन्नास. मी इथं दहा खाल्ले. सत्तर आणि एकोणपन्नास. एकशे एकोणीस."

साहेबांनी मोबाइल बघितला आणि मान हलवली.

रेशनवाले भाऊ म्हणाले, "मी म्हंतू ना!" पण त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. सगळे ओट्याकडं बघत होते. उत्तर तिथं पडलेलं होतं, कुणीही जाऊन मोजावं. आबांनी खरंच मोजलं. पायाच्या अंगठ्यानं, फरशी-फरशी, दहाच्या रेघेपर्यंत.

मी टोपण लावलं आणि पेन आबांना परत दिलं. साहेब म्हणाले, "अध्यक्ष, सही?" मी म्हटलं, "ज्यात आपल्याला कळत नाही त्यावर मी सही करत नाही." मला रडू वगैरे आलं नाही. लोकांना वाटतं अशा वेळी बाईला रडू येतं. मला भूक लागली होती.

माझ्या सहीवाचून अर्ज पुढं गेला नाही. गुरुजी राहिले, पुढं निवृत्त होईपर्यंत. आबा माझ्याशी त्या दिवसापासून बोलत नाहीत. त्यांच्या नातवाच्या लग्नाचं आमंत्रण सगळ्या गल्लीला आलं, मला आलं नाही. नाही तर नाही.

बैठक मोडल्यावर मला वाटलं, गुरुजी आभार मानतील. ते माझ्या मागून चालत आले, खिसा वाजवत. म्हणाले, "अक्का, तुम्ही सतरा पंचेला अडकलात."

"तुम्ही माझं तोंड बघत होता?"

"सगळ्यांचं बघत होतो. पण तुमची गाडी दोनदा सुटली."

मी म्हटलं, "मग शिकवा."

त्यांनी माझ्या ओट्यावर खिसा रिकामा केला. अडुसष्टाव्या वर्षी मी चिंचोके मांडले. शेजारणी येऊन बघून गेल्या, हसल्या. मी त्यांना विचारलं, चौदा सत्ते किती, की त्या निघून जायच्या. चार-पाच दिवसांत मला जमायला लागलं. अवघड काही नाही. माझ्या बाईंनी मला पाटी दिली तेव्हाच हे दाखवलं असतं तर तेव्हाही जमलं असतं. बाईंना मी दोष देत नाही. त्यांचीही गाडी भुसावळहूनच सुटत असणार.

एवढं मात्र सांगायला हवं, गुरुजी पाढ्यांच्या विरुद्ध कधी नव्हतेच. आधी मांडा, मग म्हणा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढच्या सव्वीस जानेवारीला पोरांनी सतराचा पाढा म्हटला, जोरात. ते पाहुणे त्या वर्षी आलेच नाहीत.

पायल आता आठवीत आहे. गणितात फार मोठी वगैरे झाली नाही. पासष्ट-सत्तर मार्क पडतात. पण चुकली तर कुठं चुकली हे तिला सापडतं. माझ्या माहितीत असं करता येणारी मोठी माणसं फार नाहीत. गुरुजी धुळ्याला असतात. आई गेली त्यांची. मी भेटायला गेले होते. मी दिसले तशी म्हणाले, "अक्का, बसा. आईच्या दहाव्याला माणसं मोजायचं सुचलंच नाही हो मला." मी विचारलं, कोणकोण आलं होतं, कुठं बसले होते. त्यांनी आठवून आठवून सांगितलं, आणि मी त्यांना मांडून दिलं. पाच ओळी आठ-आठच्या. ते म्हणाले, "बरं झालं." मी चहा घेतला आणि तीनच्या एसटीनं परत आले.

फाल्गुन लागला की आमच्याकडं ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालायचं काम निघतं. आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी, असं बाया एकमेकींकडं जातात. शिजवलेल्या पिठाचा घाटा गरम असतानाच हाताला पाणी लावून थापावं लागतं, गार झाला की फाटतो. गच्चीवर जुन्या साड्या अंथरतात, त्यावर ओळी. पूर्वी मी जिथं जागा मिळेल तिथं थापायची आणि शेवटी बोटानं मोजायची. मधेच कुणी बोललं की परत पहिल्यापासून. आता सात ओळी घालते. प्रत्येकीत आधी दहा, मग हातभर जागा सोडून पुढं सात. सगळं झालं की गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते आणि बघते. सत्तर, एकोणपन्नास, एकशे एकोणीस. ओठ हलत नाहीत.

यंदा गल्लीत नवीन आलेली एक सून मदतीला होती. जागा वाया गेल्याचं तिला वाईट वाटत असावं. म्हणाली, "अक्का, आठे मधमा इतली जागा काबरं सोडी?"

मी म्हटलं, "आबाले बसाले."